खरा अज्ञातवास

दिवाळीची साफसफाई निघाली की माझ्या पुस्तकांवर संक्रांत येते. यंदाही आमच्या सौभाग्यवतींनी कपाट उघडले, नाकाला पदर लावला आणि विचारले, "अहो, यातली रद्दीत किती द्यायची?" मराठीच्या प्राध्यापकाला याहून कठीण प्रश्न तो कोणता? उत्तर सुचेना, म्हणून हिला घेऊन बाजीराव रोडवरचे राजा दिनकर केळकर संग्रहालय गाठले. एका माणसाच्या नादातून काय उभे राहते, ते हिला दिसावे एवढाच माझा हेतू!

दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. पोटापाण्याला चष्म्यांचे दुकान. चष्मे लोकांना विकले, पण नजर मात्र स्वतःपाशी ठेवली! १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तू जमवण्याचा नाद लागला. लोकांनी अडगळीत टाकलेले अडकित्ते, दिवे, दौती, करंडे, कोरीव दारे ते हिंडून हिंडून घरी आणीत. कोथरूडचा मस्तानी महालही इथे आणून पुन्हा उभा केला. १९६२ साली या संग्रहाचे संग्रहालय झाले आणि १९७५ साली हा हजारो वस्तूंचा ठेवा त्यांनी महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला.

हे सारे मी मोठ्या ऐटीत सांगत होतो. दिव्यांपाशी येताच ही थबकली.

"आणि एवढं सगळं घरात पुसत कोण होतं हो?"

माझी ऐट तिथेच उतरली. केळकरांच्या पत्नी कमलाबाई या नादात त्यांच्या बरोबरीच्या सोबतीण होत्या. लहानपणीच गेलेल्या मुलाचे, राजाचे, नाव संग्रहालयाला मिळाले. नावात आधी मुलगा, मग वडील. आईला जागा उरली नाही. टोपणनाव कवीने घेतले, पण खरा अज्ञातवास कमलाबाईंना घडला, असे मला वाटून गेले.

घरी येऊन मी मुकाट्याने कपाट उघडले. पुस्तकामागून पुस्तक पाहिले. पहिल्या पानावर नाव माझे एकट्याचे! त्यांतली निम्मी तरी हिने घरखर्चात काटकसर केली म्हणून आली होती. मी पेन काढले आणि माझ्या नावाशेजारी हिचे नाव लिहू लागलो.

ही मागे येऊन उभी राहिली. "नावं सावकाश घाला. आधी धूळ झटका!"

वाचकहो, रद्दीचा प्रश्न अजून सुटलेला नाही. पण यंदाच्या दिवाळीत फडके माझ्या हाती होते.