दुर्मिळाचा मोह

सन १९९० मध्यें निंटेंडो कंपनीनें अमेरिकेंत व्हिडिओ-खेळांची मोठी स्पर्धा भरविली. खेळ तीन, वेळ अवघा ६ मिनिटें २१ सेकंद! हे खेळ ज्या कार्ट्रिजमध्यें, म्हणजे यंत्रांत बसवावयाच्या डबींत, भरले होते, तिच्या ९० करड्या प्रती अंतिम फेरीच्या स्पर्धकांस मिळाल्या. २६ सोनेरी प्रती कंपनीच्या नियतकालिकानें बक्षीस वांटल्या. आज संग्राहक त्यांच्या शोधांत असतात व सांपडल्यास लाखों रुपये मोजतात.

आमच्या नातवानें हें सांगतांच आम्हीं विचारिलें, "मग ते खेळतात केव्हां?"

"आजोबा, एवढी मोलाची वस्तु कोण खेळेल? जपून ठेवितात."

आम्ही हंसलों, पण दृष्टि आमच्याच कपाटाकडे गेली. तेथें अमरकोशाची एक जुनी प्रत कुलुपांत आहे. एका होतकरू विद्यार्थ्यानें ती चार दिवस मागितली असतां बांधणी सुटेल या भीतीनें आम्हीं नकार दिला होता. त्यानें पुन्हां कधीं मागितली नाहीं.

वाचकहो, काल आम्हीं त्यास पत्र घातलें: कोश घेऊन जा, परत करण्याची घाई नाहीं.