पेटीतली कातीण

कुत्रा, मांजर, पोपट, फार तर काचेच्या हंडीतले मासे. पाळीव प्राणी म्हटला म्हणजे आपल्या कुटुंबांची कल्पना सहसा यापलीकडे जात नाही. परंतु जगात अशीही घरे आहेत की, जेथे फळीवर काचेच्या वीस-पंचवीस पेट्या ओळीने मांडलेल्या असतात आणि प्रत्येकीत तळहाताएवढी एकेक केसाळ कातीण बसलेली असते. या मोठ्या कोळ्यांना टॅरंटुला म्हणतात. (आमच्या किनाऱ्याकडील वाचकांनी कोळी म्हणताच मासळीच्या टोपलीकडे पाहू नये.)

नावाची कथा वाचकांना रुचेल. इटलीच्या दक्षिणेस तारांतो नावाचे शहर आहे. तेथील एका कोळ्याच्या दंशाने माणूस बेभान होऊन नाचू लागतो, अशी जुनी समजूत होती. असे 'डसलेले' लोक सेंट पॉलच्या सणाला, २९ जूनला, गालातिना गावच्या चॅपेलमध्ये येत; कारण माल्टा बेटावर विषारी साप डसूनही संत पॉलला इजा झाली नाही, हे त्यांना ठाऊक होते. पुढे युरोपीय लोकांनी अमेरिकेत त्याहून थोराड कोळी पाहिले आणि तेच नाव त्यांना दिले.

या प्राण्याला पाळणे फारसे कष्टाचे नाही. आठवड्याला एखादा रातकिडा किंवा झुरळ, पाण्याची उथळ वाटी, जमिनीत राहणारीला खोल माती, झाडावर राहणारीला उभी साल. एवढ्यावर तिचा संसार चालतो. महिनोन् महिने ती उपाशीही राहते. मात्र दोघींना एका पेटीत ठेवले, तर थोड्याच दिवसांत एकच उरण्याचा संभव. कात टाकताना ती पाठीवर उताणी पडते आणि नवखा मालक ती मेली असे समजतो. आठ डोळे असूनही तिला दिसते बेताचेच. अंगावरील केसांना जाणवणारी कंपने हेच तिचे डोळे. हातावर घेऊन मिरविण्याचा हा प्राणी नव्हे. ती हातभर उंचीवरून पडली तरी पोट फुटून मरू शकते. शिवाय अमेरिकेकडील जाती पोटावरचे खाजरे केस उडवितात, तर आपल्याकडील झाडांवरच्या जातींच्या दंशाने माणसाच्या स्नायूंना वेदनामय पेटके येतात. नर प्रौढ झाल्यावर फार दिवस जगत नाही, पण काही जातींची मादी वीस वर्षांहून अधिक जगते. म्हणजे शाळकरी मुलाने हौसेने आणलेली कातीण त्याच्या लग्नातही घरात हजर असू शकते! कोणत्याही घराने याचा विचार आधी करावा.

खरा प्रश्न मात्र वेगळाच आहे. एक कातीण घेतलेल्यास दुसऱ्या रंगाची हवी असते, मग तिसऱ्या देशाची. ही विविधता येते कोठून? जुलै २०२१ मध्ये चेन्नईच्या कस्टम अधिकाऱ्यांनी पोलंडहून टपालाने आलेले एक पार्सल उघडले. आत रुपेरी कागदात व कापसात गुंडाळलेल्या १०७ लहान कुप्या होत्या, आणि प्रत्येक कुपीत एकेक जिवंत कोळी. आयातीचा परवाना नसल्याने ते पार्सल परत पाठविण्यात आले. त्या मुक्या जिवांचा परतीचा प्रवास कसा झाला असेल, हे आम्हांला सांगता येत नाही.

उलट दिशेची वाटही आहे. आंध्रातील गुत्ती येथे रेल्वेच्या लाकडाच्या वखारीत निळ्या रंगाची एक कातीण सापडली. पोकॉक या इंग्रज शास्त्रज्ञाने १८९९ साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले. ती बहुधा लाकडांबरोबर गाडीतून आली असावी, कारण पुढे शंभर वर्षे ती कोणास दिसली नाही. २००१ साली गुत्तीपासून सुमारे शंभर किलोमीटरवर, नंद्याळ व गिद्दलूर यांच्यामधील जंगलात ती पुन्हा आढळली. तिचे ज्ञात वसतिस्थान शंभर चौरस किलोमीटरहूनही कमी आहे आणि तेथेही लाकूडतोड चालते. परदेशातील छंदिष्टांच्या पेट्यांत मात्र ही निळाई सर्रास पैदा होते. आपल्या रानात ती २००८ पासून अतिसंकटग्रस्त गणली जाते. तिच्या सर्व भाऊबंदांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१९ पासून नियंत्रण आहे. १ एप्रिल २०२३ पासून आपल्या कायद्यानुसार अशा सूचीतील जिवंत प्राणी बाळगणाऱ्यास त्याची नोंदणी करणे भाग आहे.

कातिणींची हौस बिनपेटीचीही असू शकते, हे बडोद्याने दाखविले. तेथील महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागातून मंजू सिलिवाल व त्यांचे सहकारी डांगच्या पूर्णा अभयारण्यात गेले. झाडाची साल, पालापाचोळा, दगडांच्या फटी धुंडाळून तेथील कोळ्यांची यादी त्यांनी २००३ साली प्रसिद्ध केली. सिलिवालबाई पुढे भारतातील टॅरंटुलांच्याच अभ्यासाकडे वळल्या. आमच्या मते कोणत्याही फळीवरील संग्रहापेक्षा ती यादी अधिक श्रीमंत आहे.

एवढे वाचूनही कोणाच्या घरात पावसाळ्याच्या सुमारास असा केसाळ पाहुणा भिंतीवर दिसलाच, तर केरसुणी उगारू नये. त्याच्यावर मोठी बरणी पालथी घालावी, खालून जाड पुठ्ठा सरकवावा आणि त्याला कुंपणापलीकडील जुन्या झाडाच्या बुंध्याशी सोडावे. बहुधा तो नर असतो; मादीच्या शोधात निघालेला, आणि तिची ढोली जवळच कोठेतरी असते.