टक्केवारी शाळा ठरवत नाही

जून जवळ आला की सरकारी रुग्णालयांच्या बालरोग विभागात एक नेहमीची गर्दी दिसू लागते. पालकांच्या हातात फाइल असते आणि मागणी एकच असते : ‘मूल नेहमीच्या शाळेत बसू शकते, असे लिहून द्या.’ शाळेने तोंडी सांगितलेले असते, ‘आमच्याकडे सोय नाही, विशेष शाळेत घाला.’ कागदावर काहीच नसते. तरीही बहुतेक पालक तो अखेरचा निकाल मानतात. तो तसा नसतो. त्याविरुद्ध दाद मागता येते आणि मागायला हवी.

आधी दिव्यांगत्व प्रमाणपत्राविषयी. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने २१ प्रकारची दिव्यांगत्वे मान्य केली. १९९५च्या कायद्यात ती सातच होती. ४० टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगत्व असेल तर बहुतेक सवलती मिळतात. ही टक्केवारी सवलतींसाठी ठरवलेली आहे. मूल कोणत्या वर्गात बसून शिकेल, हे तिच्यातून कळत नाही.

सेरेब्रल पाल्सी झालेल्या सहा वर्षांच्या मुलीचे उदाहरण घेऊ. वाढत्या मेंदूला इजा झाल्याने तिचे स्नायू ताठर आहेत. प्रमाणपत्रावर ८० टक्के लिहिले आहे. पण ते ८० टक्के तिच्या हालचालींचे आहेत. गोष्ट ऐकून समजण्याची, बेरीज करण्याची तिची क्षमता वयाप्रमाणे असू शकते. तिचे उच्चार अडखळतात, म्हणून ऐकणाऱ्याला ती मंद वाटते एवढेच. बुद्ध्यांकाच्या चाचणीचेही असेच. ऐकू किती येते हे न तपासता, घरी न बोलल्या जाणाऱ्या भाषेत, अनोळखी खोलीत घाबरलेल्या मुलाची चाचणी घेतली, तर येणारा आकडा मुलापेक्षा त्या परिस्थितीबद्दलच जास्त सांगतो.

म्हणून डॉक्टरांनी केसपेपरवर ‘विशेष शाळेचा सल्ला’ एवढेच लिहून सही करणे योग्य नाही. ती एक ओळ शाळेच्या हातात नकाराचे हत्यार बनते. त्याऐवजी मुलाला काय लागेल ते लिहावे : वर्ग तळमजल्यावर हवा, लिहायला जास्त वेळ द्यावा, पुढच्या बाकावर बसवावे, गोंगाटात अस्वस्थ झाल्यास दहा मिनिटे शांत जागा द्यावी. मुलाला फिट येत असेल, तर शिक्षकांसाठी चार सूचना पुरतात : कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर रुग्णालयात न्या. असे पत्र असले की ‘आम्हाला जमणार नाही’ म्हणणाऱ्या शाळेला नेमके काय जमणार नाही, हे सांगावे लागते.

कायदा इथे पालकांच्या बाजूने आहे. दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ३१ नुसार ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला परिसरातील शाळेत किंवा विशेष शाळेत, आपल्या पसंतीने, मोफत शिकण्याचा हक्क आहे. ‘आपल्या पसंतीने’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. निवड मुलाची आणि कुटुंबाची आहे, मुख्याध्यापकांची नव्हे आणि डॉक्टरांचीही नव्हे. वाजवी सोय नाकारणे हाही या कायद्याच्या व्याख्येत भेदभावच आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी, मुलाखत घेण्यास मनाई केली आहे. पहिल्या उल्लंघनाला २५ हजार रुपयांपर्यंत दंड आहे.

दाद मागण्याची वाट अशी आहे. प्रवेशाचा अर्ज लेखी द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. नकारही लेखी मागावा. शाळा देत नसेल, तर कोणत्या दिवशी कोण काय म्हणाले, हे लिहून तेच पत्र शाळेला पाठवावे. मग शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे गावात पंचायत समिती-जिल्हा परिषदेच्या आणि शहरात महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे, तक्रार करावी. दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय देणे त्यांना बंधनकारक आहे. तो पटला नाही तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. दिव्यांगत्वामुळे भेदभाव झाल्याची तक्रार राज्य दिव्यांग आयुक्तांकडेही नेता येते. साक्षीदारांना बोलावण्याचे, कागदपत्रे मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार त्यांना आहेत. प्रमाणपत्रातील नोंदच चुकीची वाटत असेल, तर तिच्याविरुद्धही कलम ५९ खाली अपील आहे.

तीन महिने म्हणजे पहिली घटक चाचणी होऊन जाते, हे खरे. पण उशीर झाला म्हणून दार बंद होत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १५ नुसार प्रवेशाची मुदत उलटल्यावर आलेल्या मुलालाही प्रवेश नाकारता येत नाही.

शाळांचीही बाजू आहे. साठ मुलांच्या वर्गात एकटा शिक्षक असेल, तर त्याच्या ‘सोय नाही’ म्हणण्यात सगळाच बहाणा नसतो. प्राथमिक वर्गांत दहा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक आणि पुढच्या वर्गांत पंधरांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे प्रमाण सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले. ती पदे भरणे सरकारचे काम आहे. पण सरकारच्या त्रुटीची किंमत सहा वर्षांच्या मुलाने घरी बसून का चुकवावी? उलट प्रत्येक लेखी तक्रार ही त्या शाळेला शिक्षक, रॅम्प, साहित्य हवे असल्याची सरकारदरबारी नोंद असते. तोंडी नकार घेऊन परतलेल्या मुलाची नोंद कुठेच होत नाही.

विशेष शाळा वाईट, असा याचा अर्थ नाही. खुणांची भाषा शिकणाऱ्या कर्णबधिर मुलाला, सतत मदत लागणाऱ्या मुलाला ती अधिक मानवू शकते. तिथे जाणे हा कुटुंबाचा विचारपूर्वक निर्णय असावा, दुसरीकडे दार लावले म्हणून उरलेला पर्याय नसावा. या जूनमध्ये एखाद्या शाळेने ‘नाही’ म्हटले, तर पालकांनी एवढेच म्हणावे : ‘लिहून द्या.’ पुढची सगळी वाट त्या कागदापासून सुरू होते.