‘मॅडमचा हात लागला की मशीन अडकतं!’

हे वाक्य आमच्या शाळेच्या ऑफिसात मी दोन पावसाळे ऐकलं. बोलणारे काही वाईट नव्हते, गंमतच करायचे. पण घटक चाचणीच्या दिवशी पेपर साडेदहाला वर्गात जायचाय, तीनशेपैकी ऐंशी प्रती निघाल्यात आणि झेरॉक्स मशीनवर लाल दिवा लागलाय, अशा वेळी ती गंमत कशी बोचते ते जिच्यावर वेळ आली तिलाच ठाऊक. वर महिनाअखेरीस वाया गेलेल्या कागदांचा हिशेबही माझ्याकडेच मागणार.

मैत्रिणींनो, मशीन पार बंद पडलं तर कुणी आपल्याला नावं ठेवत नाही. मेकॅनिक येतो, पार्ट बदलतो, विषय संपतो. छळतं ते अधूनमधून अडकणारं मशीन. आमच्याकडे जिल्ह्याच्या गावाहून मेकॅनिक यायचा. त्याच्यासमोर पन्नास कागद सुरळीत निघायचे. दवाखान्याच्या पायरीवर पोराचा ताप उतरावा, तसं! ‘सगळं ओके आहे, पेपर नीट लावत जा मॅडम,’ असं सांगून तो निघायचा. त्याची मोटरसायकल फाटकाबाहेर जाते न जाते तोच इकडे कागद अडकलेला.

मला आता ठामपणे वाटतं, की मशीनला लहर वगैरे काही नसते. कारण असतंच, फक्त ते एका भेटीत दिसत नाही. रोज त्या मशीनपाशी जी उभी असते तिला ते दिसू शकतं. पण तिला कुणी विचारत नाही, आणि तीही ‘आपल्याला काय कळतं त्यातलं’ म्हणून गप्प राहते. मीही राहिलेच होते की!

शेवटी एक जुनी वही घेतली. अडकलं की लिहायचं. तारीख, वेळ, वरचा ट्रे की खालचा, कागद उचललाच नाही, की दोन एकदम गेले, की आत जाऊन चुरगळला. पंधरा दिवसांनी वही चाळली तर एक नाही, दोन दुखणी निघाली. दोन्ही एकमेकांत मिसळल्यामुळे काही उमजत नव्हतं इतकंच.

पहिलं दुखणं सकाळचं. पहिल्या तासाभरात कागद एकमेकांना चिकटून दोन-दोन जायचे, दुपारी सगळं ठीक. आमचं कागदाचं रिम रात्रभर खिडकीजवळ उघडं पडलेलं असायचं. पावसाळ्यात उघड्या डब्यातला पापड जसा सादळतो, तसाच कागदही. ओल धरली की तो वाकडा होतो, नाहीतर शेजारच्याला चिकटतो. तेव्हापासून उरलेलं रिम त्याच्याच वेष्टनात गुंडाळून, वरून प्लॅस्टिकची पिशवी घालून कपाटात ठेवते आणि ट्रेमध्ये लागेल तेवढाच कागद भरते. तोही आधी हाताने सुटा करून, कडा टेबलावर आपटून सारख्या करून.

दुसरं दुखणं खालच्या ट्रेचं. तिथला कागद कधीकधी उचललाच जायचा नाही, मग सकाळ असो की दुपार. मी खालचा कागद वरच्या ट्रेत घातला आणि वरचा खाली. खोड कागदाबरोबर वर गेली असती तर दोष कागदाचा. पण ती खालीच राहिली. म्हणजे ट्रेमध्येच काहीतरी होतं. कागद ओढून घेणारं जे रबरी चाक असतं, ज्याला रोलर म्हणतात, त्यावर कागदाची भुकटी बसून ते गुळगुळीत झालं होतं. मशीन बंद केलं, प्लग काढला, सुती फडकं पाण्यात बुडवून घट्ट पिळलं आणि चाक फिरवत पुसून कोरडं केलं. आतल्या ड्रमला मात्र बोटही लावायचं नाही, आणि कागद बाहेर पडतो तिकडचा भाग चांगलाच भाजतो, तिथेही नाही. आठ दिवस छान गेले, मग पुन्हा तेच. याचा अर्थ रबर झिजलंय.

पुढच्या वेळी मेकॅनिक आला तेव्हा त्याच्यासमोर वही ठेवली. पहिल्यांदाच त्याने खालच्या ट्रेतून प्रती काढून बघितल्या, रोलर बाहेर काढला, अंगठ्याने दाबला आणि बदलला. ‘रोलर गेला होता,’ हे त्याने सांगितलं कुणाला? हेडसरांना! मी शेजारीच उभी होते.

आणि गंमत बघा, ही खोड आपल्याकडचीच नाही. साध्या कागदावर प्रती काढणारं झेरॉक्सचं पहिलं गाजलेलं मशीन 1959 साली अमेरिकेत आलं. त्यात कागद अडकून पेट घ्यायची भीती, म्हणून सोबत आग विझवायचं छोटं यंत्र द्यायचे! तरी जाहिरातीत काय दाखवलं, तर चिंपांझीसुद्धा हे मशीन चालवतो. मग ऑफिसांमध्ये प्रती काढणाऱ्या मुलींच्या मशीनवर कुणी ना कुणी केळी ठेवू लागलं. ती जाहिरात कंपनीला मागे घ्यावी लागली. त्याच कंपनीच्या मेकॅनिकांबरोबर राहून ज्युलियन ऑर नावाच्या अभ्यासकाने 1996 मध्ये पुस्तक लिहिलं. चतुर मेकॅनिक नुसत्या छापील मॅन्युअलवर विसंबत नाहीत, रोज मशीन वापरणाऱ्यांशी बोलतात, काय घडलं ते ऐकून घेतात, असं त्याने पाहिलं. म्हणजे ज्याला काम येतं तो आधी विचारतो.

आमच्याकडे मशीन बसवायला माणसं आली तेव्हा अर्धा तास माहिती दिली होती म्हणे. ती ऐकायला हेडसर होते, मोठे बाबू होते, संस्थेचे एक सदस्यही होते. मी बाहेर दाखल्यांची रांग आवरत होते. त्या तिघांनी आजवर एकही प्रत काढलेली नाही. कुकरची रिंग सैल झाली की शिटीच्या आवाजावरून ओळखणाऱ्या बाईला दोन ट्रे आणि चार रोलर समजणार नाहीत, असं कुणी ठरवलं?

येत्या दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत नवीन मशीन येणार आहे. जी व्यक्ती ते चालवणार तिच्यासमोरच ते बसवावं आणि उघडून दाखवावं, असा लेखी अर्ज मी दिलाय. आवक नंबर पडलाय, उत्तर अजून आलेलं नाही.