विश्लेषण : पिकअपची ‘ताकद’ वाढवण्याआधी…

आंब्याचा, कांद्याचा किंवा टोमॅटोचा हंगाम तोंडावर आला की पिकअपवाल्यांच्या गॅरेजमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘शेठ, गाडी चढत नाही.’ त्यावर पूर्वी एअर फिल्टर झटकला जायचा, पंप कॅलिब्रेट व्हायचा. आता मोबाइलवर रील दाखवले जाते. लॅपटॉप जोडा, ईसीयूमधली फाइल बदला, अर्ध्या तासात २० टक्के ताकद वाढवून घ्या, शिवाय मायलेजही वाढेल. सोबत कोन फिल्टर, फ्री-फ्लो सायलेन्सर, ‘चिप’ नावाची डबी, आणि दबक्या आवाजात ‘डीपीएफ उडवून देऊ का?’ हा प्रश्नही असतो. हप्त्यावर घेतलेल्या आणि रोज भाडे मारणाऱ्या गाडीच्या बाबतीत हा निर्णय हौसेचा नसतो. ऐन हंगामात गाडी आठवडाभर उभी राहिली तर सगळा हिशेब कोलमडतो. त्यामुळे आमचे मत आधीच सांगतो : कमावत्या पिकअपसाठी इंजिनावरचा खर्च हा शेवटचा खर्च असायला हवा, आणि बहुतेकांना तो करण्याची वेळच येत नाही.

गाडी खरेच कमी पडते का?

थोडे गणित करू. माल धरून तीन टन वजनाचा पिकअप दर १५ मीटरला एक मीटर चढणाऱ्या घाटात ताशी ३० किलोमीटरने चालवायचा, तर चाकांवर साधारण २६ हॉर्सपॉवर लागते. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलमध्ये वाया जाणारी ताकद धरली तरी आकडा तिसाच्या आसपास राहतो. आपल्याकडच्या साध्या पिकअपचे इंजिन कागदावर ७० ते ७५ हॉर्सपॉवरचे असते. मग गाडी मरते कुठे?

दोन ठिकाणी. पहिले म्हणजे, कागदावरची ती ७५ हॉर्सपॉवर इंजिन तीन हजारांच्या वर फिरते तेव्हाची असते. चालकाने गिअर न बदलता फेरे १४०० पर्यंत खाली येऊ दिले, तर २०० न्यूटन मीटर टॉर्कचे इंजिन ३९ हॉर्सपॉवरच्या आसपास देते. त्याखाली टर्बोची हवाही कमी पडते आणि गाडी धापा टाकू लागते. दुसरे म्हणजे वजन. त्याच चढावर एक टन जादा माल भरला की चाकांवरची गरज जवळपास नऊ हॉर्सपॉवरने वाढते. म्हणजे तीनऐवजी चार टन झाले की १४०० फेऱ्यांवर इंजिनाकडे जेवढे आहे तेवढे सगळे संपते. ‘गाडी चढत नाही’ ही तक्रार नेमकी इथली असते. त्यावर पहिला इलाज दुसरा गिअर वेळेत टाकणे, आणि दुसरा इलाज एक टन उतरवणे. दोन्हींना लॅपटॉप लागत नाही.

ओव्हरलोड करू नका, हे सांगणे सोपे आहे, याची कल्पना आहे. भाडे फेरीवर ठरते, डिझेल फेरीवर जळते, आणि व्यापारी म्हणतो, ‘दहा क्रेट अजून बसतील की.’ पण जादा भार पकडला गेला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली २० हजार रुपये, आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार. शिवाय जो जादा भार वाहण्यासाठी रीमॅप केले, त्याच भाराने पाटे, बेअरिंग आणि क्लच झिजतात.

हरवलेली ताकद आधी शोधा

चार-पाच वर्षे चाललेल्या गाडीला नव्या ताकदीची गरज कमी आणि जुनी परत मिळवण्याची गरज जास्त असते. टर्बोपासून इंटरकूलरकडे जाणारा रबरी पाइप सैल असेल किंवा चिरला असेल तर हवा गळते, धूर काळा येतो आणि चढावर दम जातो. डिझेल फिल्टरमध्ये साचलेले पाणी, कोंदलेला एअर फिल्टर, जास्त डिझेल परत सोडणारा इंजेक्टर, काजळीने अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह, घसरणारा क्लच, चिकटून राहणारे ब्रेक, कमी हवेची टायर : यातले एकेक कारण गाडीला मारते, आणि दोन-तीन एकत्र आली की मालकाला वाटते इंजिनच कमजोर आहे. हा सगळा तपास एका दिवसाचा आहे. रीमॅप करणारा हा तपास करत असेल तर तो चांगला माणूस समजावा. न करता थेट केबल जोडत असेल तर गळक्या पाइपातून जास्त हवा पाठवण्याचे पैसे तो घेतो आहे.

बीएस-६ गाड्यांत आणखी एक खास गोष्ट आहे. १ एप्रिल २०२० पासूनच्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमार्गात काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. साचलेली काजळी तो सुमारे ६०० अंश तापमानाला जाळून स्वतःला साफ करतो. गाडी गावातल्या गावात, बाजार ते गोडाऊन अशीच फिरत राहिली, किंवा सफाई अर्ध्यावर असताना चालक सारखी चावी बंद करत राहिला, तर फिल्टर तुंबतो. डॅशबोर्डवर दिवा लागतो. त्याकडे दुर्लक्ष झाले की ईसीयू स्वतःहून इंजिनाची ताकद कापतो. चालक सांगतो, गाडीत दम राहिला नाही. अशा वेळी महामार्गावर एकसारख्या वेगाने वीसेक मिनिटे गाडी चालवली की अनेकदा काम होते. ही माहिती गाडी विकताना शोरूममध्ये कुणी नीट देत नाही, आणि तुंबलेल्या फिल्टरवर ‘तो उडवणे’ हाच इलाज असल्याचा समज पसरतो.

‘कंपनीने इंजिन दाबून ठेवलेय’

रीमॅप विकणाऱ्यांचा हा आवडता मुद्दा, आणि तो अर्धा खरा आहे. कंपन्या इंजिनातून शक्य तेवढी सगळी ताकद काढत नाहीत. पण का काढत नाहीत, याचे एक बोलके उदाहरण आपल्याच बाजारात आहे. टोयोटा हायलक्समधले २.८ लिटरचे डिझेल इंजिन दोन्ही प्रकारांत २०४ पीएस देते. पण टॉर्क ऑटोमॅटिकमध्ये ५०० न्यूटन मीटर आणि मॅन्युअलमध्ये ४२०. इंजिन तेच आहे, त्याच्या मागे जोडलेला गिअरबॉक्स आणि क्लच वेगळा आहे. टॉर्क वाढला की तो चाकांपर्यंत पोहोचवणाऱ्या प्रत्येक भागाला तो सोसावा लागतो. रीमॅपची फाइल ईसीयू बदलते, क्लच प्लेट आणि प्रॉपेलर शाफ्ट मात्र जुनेच राहतात.

राखून ठेवलेली ती ताकद विदर्भातल्या ४५ अंशांच्या उन्हासाठी, भेसळीच्या डिझेलसाठी, दोन महिने उशिरा झालेल्या ऑइल बदलासाठी आणि हो, आपल्या ओव्हरलोडसाठीसुद्धा असते. जास्त डिझेल आणि जास्त बूस्ट म्हणजे एक्झॉस्टचे तापमान जास्त. लांब घाटात दहा-पंधरा मिनिटे तेच तापमान टर्बो, पिस्टन आणि हेड गॅस्केट सोसतात. हौशी माणूस महामार्गावर ओव्हरटेक करताना ती जादा ताकद काही सेकंद वापरतो. भाड्याची गाडी ती चढ संपेपर्यंत वापरते. समाजमाध्यमांवर ‘वर्षभर झाले, काही झाले नाही’ म्हणणारे बहुधा पहिल्या प्रकारातले असतात.

‘चिप’ डबीची गोष्ट तर आणखी सरळ आहे. तिचे अनेक प्रकार रेल-प्रेशर सेन्सरचा आकडा कमी करून ईसीयूला खोटे सांगतात. ईसीयूला वाटते दाब कमी आहे, म्हणून तो वाढवतो. म्हणजे गाडीचा मेंदू आंधळा करून मिळवलेली ही ताकद आहे. कोन फिल्टरला तेल जास्त लागले तर ते हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसते. फ्री-फ्लो सायलेन्सरने साध्या पिकअपमध्ये आवाज नक्की वाढतो, एवढेच खात्रीने सांगता येईल.

डीपीएफ उडवला तर?

हा सगळा बाजार ज्या व्हिडिओंवर पोसला गेला ते बरेचसे अमेरिकेतले आहेत, म्हणून तिथे पुढे काय झाले तेही पाहायला हवे. डिझेल पिकअपमधली प्रदूषण रोखणारी यंत्रणा काढून टाकण्याला तिथे ‘डिलीट’ म्हणतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२० मध्ये अंदाज मांडला, की आधीच्या दशकात साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपमध्ये असा बदल झाला आणि त्या गाड्यांच्या संपूर्ण आयुष्यात मिळून पाच लाख ७० हजार टनांहून अधिक जादा नायट्रोजन ऑक्साइड हवेत जाईल. विशेष म्हणजे नियम मोडणारे फक्त गल्लीतले गॅरेजवाले नव्हते. रॅम पिकअपच्या इंजिनांवरून पुणेकरांच्या परिचयाच्या कमिन्स कंपनीच्या अमेरिकेतील मूळ कंपनीला डिसेंबर २०२३ मध्ये १.६७५ अब्ज डॉलरचा दंड मान्य करावा लागला. कंपनीने चूक केल्याचे कबूल केले नाही, पण पैसे भरण्याची तयारी दाखवली.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. व्यवहारात हे फारसे घडत नाही, कारण डिझेल गाडीच्या पीयूसीत धुराचा गडदपणा मोजला जातो, नायट्रोजन ऑक्साइड नाही. फाइल बदललेली गाडी तिथून बिनदिक्कत सुटते. ही पळवाट सरकारने बंद करायला हवी. ऑडिटचा सगळा भार मालकावर टाकून फिटनेस केंद्रांत ईसीयूची तपासणीच न करणे हा निव्वळ दिखावा आहे. पण पीयूसीतून सुटलेली गाडी अपघातानंतर विम्याच्या सर्व्हेअरच्या हाती लागते, आणि तिथे न कळवलेला बदल दाव्यात अडथळा ठरू शकतो. इंजिनाची वॉरंटी तर त्याआधीच धोक्यात येते.

उताराचा विसर

जुन्नर-ओतूरचा टोमॅटो माळशेज उतरून कल्याणला जातो. नाशिकचा कांदा कसारा घाट उतरून मुंबईला. म्हणजे देशावरून मुंबईकडे जाणारी भरलेली गाडी घाट चढत नाही, उतरते. चढते ती रिकामी. या मार्गांवर इंजिनाची ताकद वाढवून हाती काय लागणार? तोच पैसा ब्रेक लायनर, ड्रम, ब्रेक ऑइल आणि चांगल्या टायरवर लावावा. जुन्या ब्रेक ऑइलमध्ये ओलावा शिरलेला असतो. लांब उतारावर ते तापले की त्यात वाफ होते आणि पेडल खाली जाते. दोन वर्षांतून एकदा ते बदलणारे मालक किती, हे कुठल्याही मेकॅनिकला विचारा.

उलटे चित्र कोकणात. देवगडचा आंबा फोंडा किंवा करूळ घाट चढून कोल्हापूरला जातो, तेव्हा गाडी भरलेली असते. इथे ताकदीची गरज खरी आहे. पण ज्याचा धंदाच रोज भरून घाट चढण्याचा आहे, त्याने गाडी घेतानाच जास्त टॉर्कचा आणि जास्त भारक्षमतेचा प्रकार निवडावा. त्यात इंजिनाबरोबर पाटे, ब्रेक आणि टायरही त्या भारासाठी दिलेले असतात, आणि आरसी बुकात तो भार लिहिलेला असतो. हप्ता थोडा वाढतो, हे खरे. रीमॅप, वर्षभरात बदललेला क्लच आणि हंगामातले बुडालेले चार दिवस यांची बेरीज करून मगच तो जड आहे की नाही ते ठरवावे.

हे सगळे वाचूनही ज्यांना रीमॅप करायचेच आहे, त्यांनी निदान तीन गोष्टी मागाव्यात : मूळ फाइलची प्रत, कामाआधीचा आणि नंतरचा डायनो रिपोर्ट, आणि डीपीएफ-ईजीआरला हात लावलेला नाही असे लेखी. तिसरी गोष्ट मागताच दुकानदाराचा चेहरा कसा होतो, तेही पाहून घ्यावे.