अडुळसा दारी असावा, पण दवाखाना टाळू नये



थंडी पडू लागली, की आमच्या खेड्यापाड्यांतून खोकल्याचे आवाज ऐकू येऊ लागतात. रविवारी मिस्साच्या वेळी प्रवचन चालू असता एका कोपऱ्यातून कोणी खोकतो, आणि लगेच दुसऱ्या कोपऱ्यातून त्याला साथ मिळते. घरी परतल्यावर आजी परसात जाते, अडुळशाची चार-पाच पाने खुडून आणते आणि काढा चुलीवर ठेवते. ही रीत चांगली आहे, ती मोडू नये असेच आम्ही म्हणू. परंतु या रीतीला एक मर्यादा आहे, आणि ती आपण पाळत नाही. त्याविषयी चार शब्द स्पष्टपणे लिहिणे आम्हाला अगत्याचे वाटते.

प्रथम झाडाची ओळख करून घेऊ. अडुळसा हे माणसाच्या उंचीचे, कधी त्याहून थोडे वाढणारे, बारमाही हिरवे झुडूप आहे. पाने समोरासमोर जोडीने येतात, वीतभर लांब, दोन्ही टोकांस निमुळती, चवीला कडू आणि चुरगळली असता उग्र वासाची. हिवाळ्यात फांद्यांच्या टोकांजवळ पांढऱ्या फुलांचे तुरे येतात. फुलाला दोन ओठ असतात व खालच्या ओठावर जांभळट रेघा दिसतात. उघड्या जबड्यासारख्या या आकारावरून संस्कृतात त्याला ‘सिंहास्य’ असेही नाव पडले. आपल्या बायका केसांत माळतात ती अबोली आणि कुंपणाची कोरांटी ही दोन्ही याच कुळातली. शास्त्रीय नाव ‘जस्टिसिया अधाटोडा’.

आपले वाचक निरनिराळ्या मुलखांत राहतात, म्हणून नावांचा घोटाळा होऊ नये. कानडीत याला आडुसोगे, तेलुगूत अड्डसरम, हिंदीत अडूसा आणि गुजरातीत अरडूसी म्हणतात. वडोद्याकडील वाचकांनी विशेष लक्ष द्यावे : तिकडे ‘अरडूसो’ म्हणजे महारुखाचे उंच झाड. ते वेगळे. काढ्यासाठी आपल्याला हवी ती अरडूसी. ओळख पटल्याशिवाय कोणतेही पान पोटात घेऊ नये.

शेतकऱ्याच्या दृष्टीने हे झाड गुणाचे आहे. पान कडू असल्यामुळे शेळ्या व गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत. त्यामुळे कुंपणाला ते उत्तम. पावसाळ्याच्या तोंडावर तीन-चार डोळ्यांच्या, वीतभर लांब कांड्या बांधावर फूट-फूट अंतराने खोचाव्यात. पाणी साचत नसेल तर त्या सहज जीव धरतात आणि बांधाची मातीही धरून ठेवतात. भातशेतीत हिरवळीचे खत म्हणून पाला चिखलात तुडवता येतो. एकोणिसाव्या शतकातील नोंदींवरून दिसते, की सतलज नदीच्या खोऱ्यातले शेतकरी भातासाठी पाणी भरलेल्या खाचरांत हा पाला पसरीत. त्याने खत मिळे आणि पाण्यातले तणही मरे. फळे आढीत घालताना किडीपासून राखण व्हावी म्हणून ही पाने खाली-वर घालण्याची चालही जुनी आहे. हिवाळ्यात त्याच्या फुलांवर मधमाशा येतात, हा आणखी एक लाभ.

आता औषधाचे. अडुळशाच्या पानात ‘वासिसीन’ नावाचे द्रव्य असते. त्याने घट्ट कफ पातळ होतो व सुटतो. त्याच द्रव्याच्या धर्तीवर विसाव्या शतकात ‘ब्रोमहेक्सिन’ हे औषध तयार झाले, आणि खोकल्याच्या कित्येक बाटल्यांवर ते नाव आजही छापलेले दिसते. म्हणजे आजीचा काढा ही अंधश्रद्धा नव्हे. साध्या सर्दी-खोकल्यात मोठ्या माणसाने चार-पाच पाने दोन कप पाण्यात उकळून निम्मे उरल्यावर गाळून घ्यावे. कच्च्या पानाचा रस फारसा निघत नाही, म्हणून पान तव्यावर शेकून मग पिळतात.

दोन पथ्ये मात्र सक्तीची समजावीत. गर्भार बाईला अडुळसा देऊ नये, कारण वासिसीनने गर्भाशय आकुंचन पावते. आणि वर्षाच्या आतील मुलाला काढ्याबरोबर किंवा नुसताही मध चाटवू नये. लहान मुलांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढा देऊच नये.

इथवर बहुतेकांचे एकमत होईल. आमचा मतभेद आहे तो पुढे. जुन्या वैद्यकात अडुळशाची ख्याती खोकल्यापुरतीच नव्हती, ती क्षयापर्यंत होती. त्या काळी दुसरे काही हाती नव्हते. परंतु 1882 साली रॉबर्ट कॉक यांनी क्षयाचा जंतू शोधून काढला, आणि 1940 नंतरच्या दशकांत त्या जंतूला मारणारी औषधेही आली. अडुळशाने कफ सुटेल, रोग्याला दोन दिवस बरे वाटेल, पण जंतू फुफ्फुसात तसाच राहील. बरे वाटते हाच इथे धोका आहे. कारण बरे वाटले, की तपासणी पुढे ढकलली जाते. आठवड्याचा महिना होतो, महिन्याचे तीन महिने होतात. तेवढ्यात त्याच खोलीत झोपणारी मुले तोच श्वास घेत असतात. उपचार न घेणारा एक रोगी वर्षाकाठी दहा-पंधरा जणांना संसर्ग देऊ शकतो.

जगातील सुमारे एक चतुर्थांश क्षयरोगी आपल्या देशात आहेत. तेव्हा हा रोग दुसऱ्यांच्या घरचा असे समजून चालणार नाही. पुष्कळ घरांत लोकांना त्याची लाज वाटते. मुलीचे लग्न जमणार नाही, शेजारी पाणी घेणार नाहीत, अशा भयाने काढ्याच्या आड रोग झाकला जातो. आम्हाला विचाराल तर रोग होणे यात लाज नाही. ठाऊक असून लपविणे आणि घरच्या लेकरांना धोक्यात घालणे, हे मात्र चुकीचे आहे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. घरात कोणाला खोकला सुरू झाला, की भिंतीवरील दिनदर्शिकेत त्या तारखेवर खूण करा. दोन आठवडे झाले आणि खोकला थांबला नाही, तर थुंकी तपासून घ्या. संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, वजन घटणे ही लक्षणे असतील किंवा बेडक्यात रक्त दिसले, तर दोन आठवडेही वाट पाहू नका. सरकारी दवाखान्यात तपासणी व औषधे मोफत आहेत. साध्या क्षयाचा उपचार बहुधा सहा महिन्यांचा असतो आणि तो मध्येच सोडायचा नसतो. नोव्हेंबर 2024 पासून उपचार चालू असेपर्यंत सकस आहारासाठी दरमहा 1000 रुपये रोग्याच्या बँक खात्यात देण्याची सरकारी योजना आहे. तो रोग्याचा हक्क आहे, मागून घ्यावा.

यंदा पाऊस सुरू झाला, की बांधावर अडुळशाच्या दहा कांड्या अवश्य लावा. शेजाऱ्यालाही दोन द्या. मात्र कांडी देताना तपासणीची गोष्टही सांगा. काढा दोन आठवड्यांपुरता, त्यापुढे दवाखाना, एवढे घरोघरी रुजले तर अडुळशाचाही मान राहील आणि माणूसही वाचेल.