ठोकळे, प्रार्थना आणि एबीसीडी

लेक चर्चच्या बालवाडीत जायला लागल्यापासून मला लोक दोनच प्रश्न विचारतात. सांगलीहून आई फोनवर विचारते, "अरे, पोरीला तिथे येशूची प्रार्थना म्हणायला लावतात का रे?" आणि ऑफिसातले देशी मित्र विचारतात, "एबीसीडी लिहिते का आता?" मला वाटतं, या दोन्हींत खरा प्रश्न राहूनच जातो. तिथे तिला पुरेसं खेळायला मिळतं का?

इथे न्यू जर्सीत चर्चच्या इमारतीत भरणाऱ्या बालवाड्या बऱ्याच दिसतात. आमच्या बालवाडीत आळीपाळीने एका पालकाला मदतीला बोलावतात. गेल्या महिन्यात माझा नंबर लागला. (कोड रिव्ह्यू बरा, इतकं दमायला होतं :-) )

आधी आईचा प्रश्न. हो, प्रार्थना होते. सतरंजीवर गोल बसून वार, तारीख, बाहेरची हवा. मग नोहाच्या नौकेची गोष्ट. खाऊच्या आधी हात जोडून देवाचे आभार. आपण जेवणाआधी श्लोक म्हणायचो, तसंच. शाळेने हे प्रवेशाच्या वेळीच स्वच्छ सांगितलं होतं. ज्यांना नको असेल त्यांनी दुसरी शाळा बघावी, हे रास्तच आहे. लेकीने त्या गोष्टीतून काय घेतलं? नावेत उंदीर आणि मांजर एकत्र कसे राहिले, हा प्रश्न. घरी आल्यावर गणपतीच्या उंदरालाही नावेत जागा मिळाली. गोंधळ असलाच तर तो मोठ्यांच्या डोक्यात आहे.

आता एबीसीडी. बाकीचा बहुतेक वेळ नुसता खेळ. ठोकळ्यांच्या कोपऱ्यात पूल बांधणं चाललं होतं. हे ठोकळे कॅरोलाइन प्रॅट या अमेरिकन शिक्षिकेने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आखलेले. जाडी, रुंदी, लांबी यांचं प्रमाण १:२:४. लांब ठोकळे संपले. एका मुलाने दोन अर्धे जोडून ठेवले, ते मधेच पडले. मग लेकीने मधे एक खांब उभा केला. पूल टिकला! बाई शेजारीच बसल्या होत्या, पण एक शब्द बोलल्या नाहीत. अपूर्णांक, आधार, आणि "खांब कुणाचा" यावरची वाटाघाट... हे कुठल्या गिरवण्याच्या वहीत मिळणार?

किंडरगार्टनचा जनक फ्रेडरिक फ्रोबेल हा पाद्र्याचाच मुलगा. १८३७ साली जर्मनीत त्याने सुरू केलेल्या कामात चेंडू आणि लाकडी ठोकळे हीच पाठ्यपुस्तकं. गंमत म्हणजे १८५१ मध्ये प्रशियाच्या सरकारने किंडरगार्टनवर बंदी घातली, कारण ती नास्तिकता पसरवतात असा संशय! बंदी उठली १८६० मध्ये. म्हणजे लोकांना धर्माची काळजी तेव्हाही होतीच, फक्त उलट्या दिशेने.

आणि हे काही परदेशी फॅड नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. गावात मिळतील त्या वस्तू हीच तिथली साधनं. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही ३ ते ८ वयासाठी खेळातून शिक्षणच सांगतं. तरी तीन वर्षांच्या पोराच्या हातात पेन्सिल कोंबायची आपली घाई काही जात नाही.

तेव्हा शाळा निवडताना भिंतीवर क्रॉस आहे की सरस्वती, हे जरूर बघा. तो तुमचा हक्क आहे. पण नंतर अर्धा तास ठोकळ्यांजवळ बसा. पूल पडल्यावर बाई काय करतात ते बघा. मी तरी त्यावरच मार्क देईन.

तुम्ही कशावर द्याल?